दिवा हाय तवर

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रेसमध्ये एका लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होतो. आक्काची शेजारीण बोलत होती. "दाजी गेलं ओ... सकाळी चहा घेतला आन् बसल्या जागी..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते इथं लिहितो. ते लिहिलं नाही तर हा लेख लिहायचा मला काही अधिकार नाही. रडू आलं नाही. बहिणीचा चेहराही डोळ्यांपुढे आला नाही. मनात आलं, सुटलो! आता त्यांना गाडीचं काही कळणार नाही... आणि मग स्वतःचीच अशी शिसारी आली की खुर्चीत बसवेना. महिना उलटून गेला तरी ती गेलेली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या गोंगाटात झाली, त्यामुळे हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. मला कधी नावानं हाक मारली नाही, कायम 'पावणं'. आणि त्यांची ती गाडी! जुन्या बांधणीची, गोल पाठीची, मोरपंखी रंगाची डिझेल गाडी. ती पेठेत शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. एकदा इंजिन चालू झालं की शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा बोलायची सोय नाही. चावी अर्धी फिरवली की समोर हीटरचा पिवळा दिवा लागायचा. इंजिन आतून तापलं की तो विझायचा, मग स्टार्टर मारायचा. तेवढा वेळ दाजी दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसायचे आणि शेजारच्याला म्हणायचे, "दिवा हाय तवर बोलून घ्या. नंतर काय ऐकू येत न्हाय." आक्कानं त्यांच्याशी उभा जन्म भांडण केलं ते बहुतेक त्या दिव्याच्या उजेडात. माहेरी सोडताना, दवाखान्यात नेताना, पोरीला सासरी पोचवून परत येताना... जे काय म्हणायचं ते तेवढ्यात.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याला कडेचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं. दाजींनी मान डोलावली आणि घरी येताना स्वतःच गाडी चालवत आले. मग रंकाळ्याच्या कडेला एका भेळवाल्याची गाडी थोडक्यात वाचली. आक्का प्रेसवर आली ती रडतच. "ती गाडी दारातनं हलव बाबा. तुझं ऐकतील ते." आता माझं कोण ऐकतंय? तरी गेलो. दाजी गाडीतच बसले होते. रोज सकाळी ती जागेवर चालू करायची, हा त्यांचा नेम. मी शेजारी बसलो. त्यांनी चावी फिरवली, दिवा लागला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोला पावणं. आक्कानं धाडलंय न्हवं?"

तेव्हा बोलायचं होतं. "दाजी, तुम्हाला दिसत नाही आणि आम्हाला भीती वाटते." एवढंच वाक्य. गावभर तोंड सोडून बोलणारा मी, म्हणालो, "न्हाय ओ, सहज आलतो." दिवा विझला, इंजिन धडधडायला लागलं, आणि विषय तिथंच संपला.

पुढं त्यांनी आपणहून विकायची तयारी दाखवली, पण अट घातली. गाडी जाणणाऱ्यालाच देणार. मग गिऱ्हाइकं यायला लागली आणि दाजींची परीक्षा सुरू झाली. वारणानगरच्या एकाला लग्नाच्या वरातीसाठी पाहिजे होती. त्यानं दार आपटलं, तसं दाजी म्हणाले, "च्या घ्या आन् निघा." एकाला इंजिन काढून रसाच्या गाड्याला लावायचं होतं, त्याला तर चहासुद्धा मिळाला नाही. एक पोरगेला वकील सगळं नीट बोलला, पण चावी हातात दिल्यावर दिव्याकडं न बघता थेट स्टार्टर मारला. "ह्येला थांबता येत न्हाय, ह्यो काय सांभाळणार?" संपलं. आक्काचा धीर सुटत चालला होता आणि माझा तर कधीच सुटला होता.

आमच्या तालीम मंडळाच्या गणपतीला दरवर्षी सजीव देखावा असतो आणि त्याचे संवाद मी लिहितो. तिथंच ही शक्कल सुचली. गिऱ्हाईक मिळत नाही ना? मग तयार करू! मुबारकला गाठला. त्याचं गाद्या भरायचं दुकान आहे, आणि देखाव्यात आमचा हिरो कायम तोच. त्याला गाडीवेड्या माणसाचे संवाद लिहून दिले, पाठ करून घेतले, दार हळू लावायला शिकवलं, दिव्यासाठी थांबायला शिकवलं. भंगारवाल्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. गाडी मुबारकनं न्यायची, त्याच्या हवाली करायची, गोष्ट संपली. माझ्या एक ध्यानात आलं नाही. देखाव्यात संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात, मुबारक नुसते ओठ हलवतो. समोरच्याचं ऐकून उत्तर द्यायची त्याला सवयच नव्हती.

दाजींनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?" मुबारक म्हणाला, "डिझेलचा वास आला की माझा जीव वर-खाली होतो, काका." दाजी क्षणभर त्याच्याकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "पावणं, जरा कोपऱ्यावरनं पान आणा." मी पान घेऊन आलो तर चावी मुबारकच्या हातात! किमतीचं विचारलं तर म्हणाले, "आमचं ठरलंय." मला काय आनंद झाला म्हणून सांगू... आक्काला डोळा मारला मी. वाटलं, थेरड्याला बरोबर गंडवलं. होय, हाच शब्द मनात आला होता.

त्यानंतर मात्र माझं रविवारी आक्काकडं जाणं बंद झालं. कुठल्या तोंडानं जाणार? गाडी भंगारात गेली का, हे मुबारकलाही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे ठाऊक नाही, अशी सोयीस्कर पळवाट. दाजींची शेवटची भेट झाली ती धाकट्या भाचीच्या साखरपुड्यात. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसले होते. "काय पावणं, गाडी कशी हाय आमची?" मी जराही न अडखळता म्हणालो, "झकास! मलकापूरला असती, मुबारकच्या पावण्यांकडं. पळतीया की." दाजी मग हसून म्हणाले, "व्हय? लई लांब गेली की वो." आणि माझ्या पानात आपल्या हातानं जिलेबी वाढली. "माणूस मात्र चांगला आणलासा."

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर उभे होतो. विधी आटोपत आला आणि वरच्या रस्त्यावरून तो आवाज आला. दुसऱ्या कुठल्या गाडीचा तसा आवाज नाही. मोरपंखी रंग, पुसून लख्ख केलेली काच, आणि आतून उतरला मुबारक. मी पटकन आक्काकडं बघितलं. आक्का मात्र जराही दचकली नाही. "आलास व्हय? थांब, तुझ्याच गाडीतनं येते," म्हणाली.

मी त्याला बाजूला ओढला. तो खाली बघत बोलत होता. "दादा, तुमी पानाला गेलासा तवाच काका म्हनलं, डायलॉग झ्याक हायत, लिवणाऱ्याला मी वळखतो. मला ऱ्हावलं न्हाय. सगळं सांगितलं, भंगाराचं बी. मला वाटलं आता कानाखाली बसतीया. त्येंनी चावीच दिली. म्हनलं, खोटं बोलाय आलास आन् बोलता यीना तुला, तूच बरा हायस. दर ऐतवारी घिऊन ये, शिकवतो."

दर ऐतवारी! मी ज्या रविवारी तोंड चुकवत होतो, त्या रविवारी ती गाडी त्यांच्या दारात उभी असायची. साखरपुड्याच्या आदल्या रविवारीसुद्धा होती. मी पंगतीत बसून ती मलकापूरला धाडली, आणि त्यांनी मला जिलेबी वाढली...

"मला का नाही सांगितलं रे?"

"काकांनी शपथ घातलीती. म्हनलं, पावण्यास्नी बोलू नगं. डोळ्याचं मला बी कळतंय की, त्येंचं काय चुकलं न्हाय. फकस्त तोंडावर बोलाय भ्यालं. कवा तरी आपणहून सांगतील."

आपणहून सांगतील म्हणून त्यांनी वाट बघितली. दोन वर्षं. आणि मी ते गेल्याचं ऐकून सुटकेचा निःश्वास सोडला.

मुबारकनं चावी माझ्या हातात ठेवली. "तुमीच चालवा आज. मी मागनं येतो कुणाच्या तरी गाडीवर." आक्का मागच्या सीटवर बसली होती, नेहमीच्या डाव्या बाजूला. मी दार हळू लावलं. चावी अर्धी फिरवली. दिवा लागला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिलो. आक्का सगळं जाणत होती हे आता मला कळलं होतं, मी जाणतो हे तिलाही. तरी सांगायचं मलाच होतं. तोंड उघडलं, शब्द काही फुटेना... आणि दिवा विझला.

मी स्टार्टरकडं चावी न्यायला लागलो, तशी मागून आक्का म्हणाली, "थांब. चावी मागं घे. परत फिरव."