मामांचं नाक आणि पेंटरचे हात

माझ्या बायकोच्या मामांइतकं तिखट नाक अख्ख्या कोल्हापुरात दुसरं नाही, आणि असलंच तर त्याचा मालक अजून मामांसमोर यायला धजावलेला नाही. उद्यमनगरात त्यांचं दुचाकींचं गॅरेज आहे. गाडी वळणावर असतानाच नुसत्या धुरावरून ते तिचं दुखणं सांगत. टाकीचं झाकण काढून, डोळे मिटून असा लांब श्वास घेत की बघणाऱ्याला वाटावं, अत्तर हुंगतायत. मग निकाल, "पावणं, ह्यात राकेल हाय. पंप बदला." मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी देता देता त्यांनी माझ्या शर्टाचा वास घेतला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "गाडीचं आईल बदलून किती दिस झालं वो?" आठ महिने झाले होते. तरी लग्न जमलं, कारण बाकीचे वास मामांना पसंत पडले होते.

त्यांच्या गॅरेजात पाहुण्याचा पाहुणचार पेट्रोलनं व्हायचा. चेनला हात लावून कुणाचा हात काळा झाला की मामा म्हणत, "करा हात फुडं," आणि अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली त्यावर रिकामी करत. ग्रीस क्षणात जायचं, हाताला गारवा वाटायचा, मग चिंधीला हात पुसून चहा. शेजारच्या गाळ्यात गाड्यांना रंग मारणारा पेंटर होता, मामांचा तीस वर्षांचा दोस्त. रोज संध्याकाळी सहाला तो रंगीत हात पुढे करून उभा राहायचा. त्याच्या हातावर पेट्रोल ओतायचा मान मामांचा, तिथं दुसऱ्या कुणाची लुडबुड चालत नसे. "पाण्यानं धुतलं की पेंटरला च्या गोड लागत न्हाय," असं ते कौतुकानं सांगत.

मग पेंटरला सारखा ताप येऊ लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि तपासणीत रक्ताचा कॅन्सर निघाला. दवाखान्यात मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी आधी कामाचं विचारलं आणि मग सांगितलं, की पेट्रोलमध्ये आणि काही थिनरमध्ये बेंझिन नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं ते श्वासातून जात राहिलं, तर हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथंच बिघाड करू शकतं.

"आणि हातावर वतलं तर?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून मामांनी विचारलं.

"कातडीतून थोडं जातं. आणि वाफ तर नाकात जातेच."

"मग ह्याला त्यानंच झालं?"

"धोका वाढतो, एवढं नक्की. ह्यांना कशानं झालं, हे ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही."

"मीच वततो की वो, रोज," मामा म्हणाले. मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या मामांना प्रश्नांनी झपाटलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना त्यांनी भर बाजारात, भाजीची पिशवी धरून, अडवलं. "बेंझिनचा वास कसा असतोय?" सर म्हणाले, "गोडसर." तोच गोडसर वास मामा जन्मभर डोळे मिटून घेत आले होते. मग डब्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचणं सुरू झालं. पंपावर ते रुमाल धरून वाऱ्याची दिशा बघतात आणि रांगेतल्या अनोळखी माणसांना दटावतात, "पावणं, नाक तिकडं करा की!" गॅरेजात मोठा पंखा आला, बाटली गेली, हात धुवायला लाकडाचा भुसा आणि साबण आला. गल्लीतले हसले, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. डॉक्टरांनी त्यांचंही रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. याचा मात्र त्यांना भयंकर राग आला. "वासावर जगलो मी, आन् झालं त्याला? ह्यो कुठला न्याय?"

सगळ्यांना विचारून झालं होतं. राहिला होता फक्त पेंटर, आणि त्याला विचारायची मामांची हिंमत होत नव्हती.

कित्येक महिन्यांच्या उपचारानंतर परवा पेंटर गॅरेजात आला. धंदा सुटलाय, अंगावर शर्ट लोंबतोय, पण सहाच्या ठोक्याला हजर. मामांनी त्याला पंख्याखाली बसवलं, इकडचं तिकडचं बोलले आणि एकदम म्हणाले, "खरं सांग, माझ्यामुळं झालं व्हय रं?"

"डाक्टरला म्हाईत न्हाय, ते मला कसं म्हाईत असंल?" पेंटर म्हणाला. "आन् तुला तरी कुठं म्हाईत होतं? च्या सांग आधी." आणि सवयीनं त्यानं हात पुढे केले. त्यावर रंगाचा ठिपकाही नव्हता.

मामांनी कोमट पाणी आणलं. ते स्वच्छ हात साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून चोळून धुतले, पुसले आणि नाकाशी नेले.

"कसला वास येतोय?" पेंटरनं विचारलं.

"साबणाचा," मामा म्हणाले. "नुस्ता साबणाचा."

चहा येऊन गार झाला, तरी त्यांनी ते हात सोडले नव्हते.