अस्तरातला शिक्का
डांबरगोळ्यांचा वास आला की लंडनच्या हॅरो भागातल्या शेजारच्या चिनी म्हातारीचा काळा कोट आठवतो. ती साउथहॅम्प्टनला मुलाकडे कायमची निघाली होती आणि मुलाने बजावलं होतं, जुनं सगळं टाकून ये. तिने मला एक जड पितळी शिक्का दाखवला. तिचा पूर्वज सरकारी अंमलदार होता. राज्य बुडालं तेव्हा हा हुद्द्याचा शिक्का अंगरख्याच्या अस्तरात शिवून तो पायी दक्षिणेला पळाला. "नव्या राजाला देऊन टाकला असता तर नोकरी राहिली असती की," मी म्हटलं. "राहिली असती." "मग खाल्लं काय?" "गावातली पोरं शिकवून जगला. आता सांग, टाकू हा?" "कोट दे इकडे," मी म्हटलं आणि अस्तर उसवून शिक्का आत शिवून दिला. बिनकामाच्या वस्तूसाठी माणूस एवढं चालतो, याचं तेव्हा नवल वाटलं. माझं नागपूरचं रद्द झालेलं रेशनकार्ड मात्र अजून कपाटात आहे.