यांटीनबाईंचा दोन वाजताचा फोन

झ्वोल शहरातल्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत एक कुजबुज होती: प्रूफं वाचणाऱ्या यांटीन ऊल्डेमनबाईंचं या वयात कुणाशी तरी जुळलंय. रोज दुपारी दोनला बाई फोनच्या खोलीत शिरायच्या, दार लावायच्या. काचेतून दिसायचं, बाई हसतायत, टेबलावर बोटांनी ठेका धरतायत. मी हेर्मन, तिथला पानं जुळवणारा कंपोझिटर. कुजबुजीला तिखटमीठ मीच लावलं, हे कबूल करतो.

आमच्या भाषेला शब्दाला शब्द चिकटवत जायची खोड, आणि रकाना चार बोटं रुंद. ओळीच्या टोकाला न मावणारा शब्द कुठे तोडायचा, ते बाई सांगायच्या. त्र्याऐंशी साली आमचे संपादक क्राउटहोफसाहेब यांनी शब्द तोडणारं यंत्र आणलं.

"महिनाभर बघू," ते बाईंना म्हणाले. "यंत्रानं निभावलं, तर तुमचं टेबल उचलू."

"उचला की. जड आहे, दोघं लागतील," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ज्येष्ठमधाची खारट गोळी तोंडात टाकून पुढचं प्रूफ ओढलं.

तिसऱ्या आठवड्यात यंत्राच्या हवाली केलेल्या पानात एका 'डेइकवाख्टर'ची, म्हणजे नदीच्या बांधाच्या राखणदाराची, निधनवार्ता होती. 'डेइक' म्हणजे बांध, 'वाख्टर' म्हणजे राखणदार; पण यंत्रानं 'डेइ' वर ठेवलं आणि 'क्वाख्टर' खालच्या ओळीत ढकललं. सकाळी त्या राखणदाराची बायको कात्रण घेऊन साहेबांसमोर बसली.

"चाळीस वर्षं पुरात उभा राहिला माझा माणूस. त्याच्या कामाचं नाव तरी धड छापायचं."

ती गेल्यावर साहेबांनी बाईंना बोलावलं; ते पान जुळवणारा म्हणून मीही तिथे होतो. "तुम्हाला कसं हो कळतं?"

"मोठ्यानं म्हणा."

"डेइकवाख्टर."

"जोर कुठे पडला?"

"डेइकवर."

"आणि त्याहून थोडा कमी?"

साहेबांनी पुन्हा पुटपुटून पाहिलं. "वाख्वर."

"त्याच्या आधी शब्दाचा सांधा, तिथेच तोडायचं. यंत्राला तोंडच नाही, ते बिचारं काय करणार?"

टेबल राहिलं. पण साहेबांनी घसा खाकरला. "बाई, रोज अर्धा तास फोन कुणाला? कचेरीत काय बोलतात, ठाऊक आहे ना?"

"बोलतात कुठे? एकटा हेर्मन बोलतो," बाईंनी माझ्याकडे न बघताच सांगितलं. "हा नंबर. तुम्हीच लावा."

साहेबांनी लावला. पलीकडे बाईंचे वडील होते. ब्याऐंशी वर्षांचे, निवृत्त कंपोझिटर, दृष्टी गेलेले. बाईंना अडलेले शब्द ते मोठ्यानं म्हणून बघायचे आणि कुठे तोडायचे ते सांगायचे.