नानांच्या मानेतला वॉचमन

दवाखान्यात दोन गोष्टी आपोआप साठतात : औषधांची सॅम्पल्स आणि पेशंटांचे किस्से. सॅम्पल्सना एक्सपायरी तरी असते! माझ्या कोपरीतल्या दवाखान्यातले निम्मे किस्से एकट्या नानांचे. नाना इथले मूळचे आगरी. बापजाद्यांची मिठागरं होती, आता बिल्डिंग आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बीपी एवढं चढलेलं की डोळ्यांचे डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात. त्यात नातीचं लग्न तोंडावर. "तिला हलद लागताना मना दिसली पायजे," एवढंच त्यांचं मागणं.

*

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "नाना, मीठ कमी करा."

नाना खुर्चीतून उठलेच! "आमचे बापानी अख्खे मुंबयला मीठ खिलवला, न तू मना बंद सांगतं?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, आमच्या काकी, शांतपणे म्हणाल्या, "बस खाली. तुजा बाप पन प्रेशरनीच गेला."

*

एकदा मी रीतसर समजावलं. मानेतल्या रक्तवाहिनीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. दाब चढला की ते मेंदूला कळवतात, मग मेंदू हृदयाला आवरतो आणि किडनीला जादा मीठ बाहेर टाकायला लावतो. काहींच्यात ही खबर नीट पोचत नाही. अशांना मीठ लगेच बाधतं.

"म्हंजे माजे मानेनचा वॉचमन झोपलाय!" नाना खूश.

काकींना मात्र वेगळीच आशा वाटली. "आमचे बिल्डिंगीचा पन झोपतो. त्याला काय गोली हाय का?"

*

दोन आठवडे मीठ बंद, तरी बीपी जागचं हलेना! मी हैराण. काकी शपथेवर सांगत होत्या, "दुकानातलं पाकीट घरात आनलाच नाय!"

"मग जेवण अळणी?"

"अलनी कशाला?" काकी म्हणाल्या. " पुतन्याचा मिठागर हाय अजून, तो पिशवी भरून खडे मीठ देतो, तेच टाकतू." नानांना माझीच कीव आली. "अगो बाय, घरचा मीठ कंदी बाधतं का?"

मी कपाळावर हात मारला. घरचं मीठ बंद झालं, त्यापाठोपाठ सुकटही, आणि बीपी खाली आलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

*

ऑपरेशन डोंबिवलीत. हिरवा गाऊन चढवताच नानांचं बीपी पुन्हा वर! सर्जनचा फोन आला, "थोड्या वेळाने एकदाच बघतो, नाहीतर रद्द." म्हणजे नातीची हळद गेलीच. माझं कशात लक्ष लागेना.

काकी धवलारीण आहेत, लग्नात धवले गाणाऱ्या. त्या नानांच्या उशाशी बसल्या आणि हळू आवाजात, लांब सुरात धवला गायला लागल्या. नानांचा श्वास त्या सुराबरोबर संथ झाला. बीपी उतरलं!

सर्जनचा पुन्हा फोन. "मॅडम, हे धवला काय आहे? डोस सांगून ठेवा!"

*

हळदीला मी गेलेले. डीजे दणाणत होता. नानांनी नातीला डोळे भरून पाहिलं, तिच्या गालाला हळद लावली. मग वळले, आणि शेजारच्या काकींकडे नुसते बघतच राहिले.

"अगो, तू कवा म्हातारी झालीस?"

काकींनी हातातली हळद नानांच्या तोंडाला फासली. "तुला दिसत नव्हता तवा!"