सूचना फळ्यावर लिहिण्याबाबत

दामू म्हात्रे गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. पेणहून निघालेली बस वडखळला त्याच्या थांब्यावर थांबलीच नाही, तेव्हा मी ड्रायव्हरवर खेकसले, "अहो, दामू राहिला!" तो म्हणाला, "मॅडम, दामू काल गेला. हार्टफेल." बस रोह्याकडे धावतच राहिली... त्याला आता महिना झाला.

दामू आमच्याकडे फिटर होता. चाळिशीत तापाचं निमित्त झालं आणि त्याचं ऐकणं पार गेलं. समोरच्याचे ओठ बघून तो बरंच समजून घ्यायचा. पण सुपरवायझर सकाळच्या सूचना द्यायचे ते चालता चालता, पाठ फिरवून. कँटीनमध्ये 'आपण सारे एक कुटुंब' अशी पाटी आहे. त्या कुटुंबात याला दोन शब्द सांगायची कुणाला सवड नव्हती. "तुमी हसता म्हून मी पन हसतो," तो एकदा मला म्हणाला, "कशाला त्या मना नाय कलत." एका दुपारी अचानक सुट्टी जाहीर झाली. सगळे निघून गेले, हा एकटाच पंप उघडून बसलेला. वॉचमननं खांद्यावर हात ठेवला तेव्हा केवढ्यानं दचकला म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यावरून त्याची काय ती चेष्टा! मीही हसले. आता लाज वाटते.

त्याचं मागणं एवढंच होतं, की सूचना फळ्यावर लिहा. एक खडू आणि दोन मिनिटं. तसा अर्ज त्यानं दिला. आस्थापना विभागात असल्यामुळे अर्ज माझ्याकडेच यायचे. मी शिक्का मारला, साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो शेऱ्याविना परत आला आणि मी फाइलला लावून टाकला. पुढचे दोनही तसेच. तिसरा द्यायला तर त्याची बायकोही सोबत आली होती. मी आत जाऊन साहेबांना एका शब्दानं विचारलं नाही...

शोकसभेत साहेब गहिवरून म्हणाले, "दामूनं कधी तक्रार केली नाही." पुढच्या रांगेतून त्याची बायको उठली. "केलेली. तीन येला, लिवून," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "इचारा या मॅडमना." मी मान खाली घातली. साहेबांनी घाईघाईनं सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.

तिन्ही अर्ज माझ्या कपाटात आहेत. परवा पहिल्यांदा नीट वाचले. पहिल्यावर विषय लिहिलाय, सूचना फळ्यावर लिहिण्याबाबत. दुसऱ्यावरही तोच. तिसऱ्यावर आहे, विषय : मीही इथेच कामाला आहे, याबाबत.