मायच्या मयतीत बाजा

आज सकाळी अर्जुनी गावात माझी माय वारली, बायांनो. पणतू पाहून कोणी गेलं की आमच्याकडे वाजतगाजत नेतात. भावानं बाजेवाले बोलावले.

मी म्हटलं, "बंद कर. माय मेली हाये, वरात नाही निघून राहिली."

तो म्हणे, "बाई, भाग्याचं मरण हाये. लोक काय म्हणतील?"

मी रडाले लागली, तर शेजारीण म्हणे, "तुम्ही सोताच आजी झाल्या. आता कायले रडता?"

मी म्हटलं, "तुझी माय घरी बसून हाये, म्हणून तोंड चालून राहिलं तुझं."

बाजा काही थांबला नाही. माझं रडणं कोणाले ऐकूच गेलं नाही.

कालपर्यंत माय मले 'पोरी' म्हणूनच हाक मारे. तुम्हीच सांगा, पोरगी किती म्हातारी झाली की तिनं मायसाठी रडू नये?