हे उंदरात

वहिनींच्या बहुतेक विधानांच्या शेवटी एक शब्द असे: ‘उंदरात’. त्या मेंदूवर संशोधन करत. दीक्षितपुऱ्यात त्यांचे घर आमच्या घराला लागून होते. हिंदी बोलणारी गल्ली त्यांना ‘दिमागवाली दीदी’ म्हणे आणि डोकेदुखीची गोळी मागायला येई.

मी वर्तमानपत्रात होतो. एकदा त्यांच्या कामाची बातमी केली. त्यांनी सांगितले, “मेंदूत नव्या पेशी जन्मतात. रक्तवाहिन्यांना धरून सरकतात, अंधारात दोर धरून चालावं तशा. इजा झाली तर काही तिकडे वळतात. बहुतेक वाटेतच मरतात. हे उंदरात.” उपसंपादकाने शेवटचे दोन शब्द जागेअभावी उडवले. सकाळी वहिनी पेपर घेऊन दारात उभ्या. “भाऊ, माझा उंदीर कुठाय?”

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, फॅक्टरीत निघाले होते. सायकलवरूनच ओरडले, “अच्छा! उंदीर हरवला? चलो, म्हणजे आज मला वेळेवर जेवायला मिळते.”

पुढच्या हिवाळ्यात भाऊजींना पक्षाघात झाला. समजत सगळे होते. तोंडून एकच शब्द निघे, ‘अच्छा’. बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाई रोज सकाळी येत. व्यायाम करताना भाऊजी रागाने रडत. त्यांची आई ते बघत बसे.

एका संध्याकाळी तिने सुनेला विचारले, “तू त्यातलीच शिकलेली न? बोलंल का वो माझा पोरगा?” वहिनी थकून आल्या होत्या. म्हणाल्या, “नव्या पेशी निघाल्या, आई. येऊन राहिल्या.” तेवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी वहिनी प्रयोगशाळेत गेल्यावर म्हातारीने व्यायामाच्या बाईंना दारातूनच परत पाठवले. “अपने आप आ रही हैं, दीदी. फिर मेरे बच्चे को काहे रुलाती हो?” सुनेला मात्र ती रोज सांगे, “बाई येऊन गेली.” खरे काय ते भाऊजींना माहीत होते. त्यांना सांगता येत नव्हते.

वहिनींना कळले तोवर उन्हाळा लागला होता. व्यायाम पुन्हा सुरू झाले. सुधारणेचे दिवस निघून गेले, असे डॉक्टर म्हणाले.

मी भेटायला गेलो तेव्हा म्हातारी मलाही सांगू लागली, “येऊन राहिल्या, भाऊ. दुरून यायच्या न, वेळ लागते.”

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “आई,” त्या म्हणाल्या, “ते उंदरात.”

पलंगावरून भाऊजी म्हणाले, “अच्छा.”